प्रयोगशाळेची मोरी आणि आपली विहीर

बोर्डो मिश्रण कसे करतात हे आपल्या भागातील शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. शंभर ग्रॅम मोरचूद एका प्लॅस्टिकच्या बादलीत पाच लिटर पाण्यात विरघळवायचे, शंभर ग्रॅम चुना दुसऱ्या बादलीत पाच लिटर पाण्यात कालवायचा, आणि मग दोन्ही एकत्र करायचे. मिश्रण जमले की नाही हे पाहण्यासाठी त्यात घासून स्वच्छ केलेला विळा किंवा लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवून ठेवायचा. विळ्यावर तांबूस थर चढला, तर अजून चुना हवा. थर चढला नाही, तर फवारणीला हरकत नाही.

समजा, मिरचीच्या रानाच्या कडेला हे काम चालले आहे आणि कॉलेजात बी. एस्सी. शिकणारी मुलगी सुट्टीसाठी घरी आली आहे. विळ्यावरचा तांबूस थर पाहून ती म्हणते, "आप्पा, हे तर आमचे प्रॅक्टिकल! आम्ही हेच परीक्षानळीत करतो." आप्पांना कौतुक वाटते. ते सहज विचारतात, "आणि झाल्यावर उरलेले काय करता गं?" मुलगी म्हणते, "काय करायचे? मोरीत ओततो आणि नळ सोडतो."

असा प्रसंग आपल्या कोणत्याही घरात घडू शकेल. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी मुलेमुली आज विज्ञान शिकत आहेत. कोणी बेळगावात, कोणी निपाणीत, कोणी गडहिंग्लजला, तर कोणी कोल्हापुरात. सीमेच्या एका बाजूच्या कॉलेजांचे प्रॅक्टिकल १९६२ साली स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाने चालते, आणि दुसऱ्या बाजूच्या कॉलेजांचे २०१० साली स्थापन झालेल्या बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाने चालते. विद्यापीठे दोन, परीक्षा दोन. परंतु मोरीत ओतलेल्या पाण्याला सीमा कळत नाही. आंबोलीच्या डोंगरात उगम पावलेली हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज करीत आपल्या संकेश्वरला येते आणि पुढे घटप्रभेला मिळते. वरच्याने टाकलेले खालच्याच्या वाट्याला येते, हे नदीकाठच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

म्हणून ह्या वेळी शिकवण्याच्या प्रयोगशाळांतून निघणारी टाकाऊ रसायने आणि ती कमी करण्याचे उपाय ह्यांविषयी थोडे लिहीत आहोत. विषय कॉलेजातला वाटला, तरी तो आपल्या मुलांच्या हातांचा आणि आपल्या पाण्याचा आहे.

मोरीत काय काय जाते?

कारखान्याच्या मानाने कॉलेजची प्रयोगशाळा फारच लहान, हे खरे. पण कारखान्यातून निघते ते बहुधा ठराविक प्रकारचे असते. प्रयोगशाळेतून मात्र रोज वेगळे निघते. सोमवारी आम्ल, मंगळवारी अल्कली, बुधवारी शिशाचे किंवा तांब्याचे क्षार, गुरुवारी क्लोरोफॉर्मसारखे द्रावक. नळाच्या पाण्याबरोबर हे सारे एकाच नळीतून जाते. पुष्कळ लहान गावांत ही नळी गटारात किंवा आवारातल्या शोषखड्ड्यात उतरते.

प्रमाण किती असते तेही हिशेबाने पाहू. समजा, एका विद्यार्थ्याला एका टायट्रेशनसाठी ब्यूरेट भरायला, धुवायला आणि तीन वेळा मोजमाप करायला मिळून दीडशे मिलिलिटर द्रावण लागले. वर्गात साठ विद्यार्थी असतील, तर एका प्रयोगाचे नऊ लिटर झाले. असे वीस प्रयोग धरले, तर वर्षाला एकशे ऐंशी लिटर. हा हिशेब एका वर्गाचा आणि एकाच प्रकारच्या प्रयोगांचा आहे. शिवाय त्या नऊ लिटरपैकी शिकण्यासाठी खरोखर लागलेले थोडेच असते. बाकीचे भांड्यात उरलेले आणि जास्त केलेले.

साधे मीठ किंवा सौम्य व्हिनेगर मोरीत गेले म्हणून काही बिघडत नाही. आम्ल व अल्कली ह्यांचा बंदोबस्त चुन्याने किंवा सोड्याने होऊ शकतो. खरी चिंता जड धातूंची आहे. पारा, शिसे, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक. शेणखत कुजते, पालापाचोळा कुजतो. धातू कुजत नाही. तो गाळात बसतो, झिरपतो, आणि तिथून पुन्हा पाण्यात किंवा पिकात येऊ शकतो. शौचकूपाच्या टाकीत तीव्र रसायने गेली, तर घाण कुजवणारे उपयोगी जंतूही मरतात आणि टाकी काम करीनाशी होते.

भारतीय मानकाप्रमाणे एक लिटर पिण्याच्या पाण्यात पारा जास्तीत जास्त ०.००१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम, शिसे व आर्सेनिक प्रत्येकी ०.०१ मिलिग्रॅम आणि एकूण क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅम चालते. ह्या आकड्यांचा अर्थ असा, की एक ग्रॅम पारा पूर्णपणे पाण्यात मिसळला असे धरले, तर तो दहा लाख लिटर पाण्याला मर्यादेपर्यंत नेतो. वीस फूट व्यासाच्या आणि सोळा फूट पाणी असलेल्या विहिरीत सुमारे एक लाख चाळीस हजार लिटर पाणी असते. म्हणजे अशा सात विहिरी झाल्या. धातुरूपातला पारा असा सगळाच्या सगळा विरघळत नाही, हे खरे. परंतु गाळातले काही सूक्ष्म जंतू त्याचे अधिक घातक रूप बनवतात आणि ते माशांच्या अंगात साठत जाते.

आपल्या मातीच्या नमुन्याची गोष्ट

आता जी गोष्ट सांगायची आहे ती थेट शेतकऱ्याच्या पिशवीतून सुरू होते.

सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. मातीच्या नमुन्याची बारा बाबतींत तपासणी करून त्याची पत्रिका शेतकऱ्याला द्यायची, अशी ती योजना. त्या बारांपैकी एक महत्त्वाची बाब म्हणजे सेंद्रिय कर्ब. आपल्या रानात शेणखत पुरेसे पडते की नाही, हे त्या आकड्यावरून समजते.

हा कर्ब मोजण्याची सर्वांत रुळलेली रीत १९३४ साली वॉकली आणि ब्लॅक ह्या दोन शास्त्रज्ञांनी सांगितली. आजही कृषी महाविद्यालयांत विद्यार्थी ती शिकतात. एक ग्रॅम माती घ्यायची. तीत पोटॅशियम डायक्रोमेटचे नारिंगी द्रावण दहा मिलिलिटर आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल वीस मिलिलिटर घालायचे. अर्ध्या तासाने दोनशे मिलिलिटर पाणी, थोडे फॉस्फोरिक आम्ल व दर्शक घालून फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेशन करायचे.

त्या दहा मिलिलिटर द्रावणात सुमारे ०.१७ ग्रॅम क्रोमियम असते. पाण्याची वर सांगितलेली मर्यादा लावून पाहिली, तर एवढे क्रोमियम जवळजवळ साडेतीन हजार लिटर पाण्याला पुरते. चिमूटभर मातीमागे एवढे! शंभर नमुन्यांमागे दोन लिटर तीव्र आम्ल खर्च होते. त्यातले नुसते सल्फ्युरिक आम्ल मारायचे म्हटले, तरी सुमारे पावणेतीन किलो विरलेला चुना लागेल.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, उगाच घाबरू नये. नारिंगी डायक्रोमेटमधील क्रोमियम हे फार विषारी रूप आहे. त्याने कातडीवर जखमा होतात, आणि त्याची धूळ किंवा तुषार वर्षानुवर्षे श्वासातून गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. टायट्रेशन पुरे झाले, की द्रावण हिरवे होते. ते हिरवे क्रोमियम पुष्कळच कमी विषारी असते. तरीही ते तीव्र आम्लात असते आणि धातू तर आहेच. बाटलीत शिल्लक राहिलेले नारिंगी द्रावण मात्र जसेच्या तसे मोरीत गेले, तर ते सर्वांत वाईट.

म्हणजे आपल्या जमिनीचे आरोग्य तपासण्यासाठी केलेला प्रयोग दुसऱ्या कोणाच्या जमिनीचे आरोग्य बिघडवू शकतो. हे टाळता येते. अर्धा ग्रॅम माती घेऊन सारी रसायने निम्म्याने घातली, की टाकाऊही निम्मे होते. माती भट्टीत तापवून वजनात किती घट आली ह्यावरून कर्बाचा अंदाज करण्याची रीतही आहे. तीत डायक्रोमेट लागतच नाही. आकडे दोन्ही रीतींनी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून एकदा दोन्हींची तुलना करून मेळ घालून घ्यावा लागतो. विद्यार्थ्यांसाठी ही तुलनाच एक उत्तम प्रयोग ठरेल.

दिल्लीचा धडा

टाकाऊ म्हणजे नुसते द्रावण नव्हे. कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेली जुनी बाटली, गंज चढलेला डबा, बंद पडलेले यंत्र हेही टाकाऊच. ह्यातून किती अनर्थ होतो ते २०१० साली दिल्लीत दिसले.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात एक किरणोत्सारी यंत्र कित्येक वर्षे वापराविना पडून होते. त्यात कोबाल्ट-६० हा धातू होता. फेब्रुवारी २०१० मध्ये ते जुन्या सामानाबरोबर लिलावात विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. तेथे कामगारांनी ते फोडले. आत काय आहे ह्याची त्यांना कल्पना नव्हती. एप्रिलमध्ये माणसे आजारी पडू लागली, अंगावर भाजल्यासारख्या जखमा झाल्या, केस गळाले. त्यांतला एक कामगार दगावला.

तेथे कोणाच्या मनात वाईट नव्हते. फक्त आपल्या कपाटात काय आहे ह्याची नोंद कोणी पाहिली नव्हती. आणि किंमत मोजली ती भंगार फोडणाऱ्या गरीब माणसाने. आपल्याकडेही आम्लाच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या आणि प्लॅस्टिकचे कॅन भंगारवाल्याकडून घराघरांत येतात. त्यांत कोणी रॉकेल ठेवते, कोणी पाणी. म्हणून हा धडा आपणही घ्यावा.

थोड्यात भागवणे

आता उपायांकडे वळू. पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मुळातच कमी घेणे.

अमेरिकेतील बोडोइन नावाच्या कॉलेजात १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एक अडचण आली. सेंद्रिय रसायनाच्या प्रयोगशाळेतील हवा वाफांनी खराब होत होती आणि ती बाहेर काढणारी नवी यंत्रणा बसवणे फार महाग होते. तेथील मेयो व बुचर आणि मेरिमॅक कॉलेजातील पाइक ह्या प्राध्यापकांनी उलट विचार केला. हवा बदलण्यापेक्षा रसायनच कमी केले तर? पाच-दहा ग्रॅम पदार्थावर होणारे प्रयोग त्यांनी ग्रॅमच्या लहानशा अंशावर आणले. वाफा कमी झाल्या, खर्च कमी झाला, टाकाऊ कमी झाले, आणि विद्यार्थ्यांचा वेळही वाचला. पुढे ही रीत जगभर गेली.

तसे पाहिले तर थोड्यात भागवण्याची विद्या जुनीच आहे. ऑस्ट्रियाचे फ्रिट्झ प्रेगल ह्यांना अगदी अल्प पदार्थाचे विश्लेषण करण्याच्या रीतीबद्दल १९२३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले होते.

कॉलेजात हे कसे करायचे? परीक्षानळीत पाच मिलिलिटर ओतण्याऐवजी खळगे असलेल्या चिनी मातीच्या पाटीवर दोन थेंब घ्यायचे. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर होतो. म्हणजे दोन थेंब ०.१ मिलिलिटर, पन्नासपट कमी! रंग बदलणे, साका बसणे, बुडबुडे येणे, सारे तितकेच स्पष्ट दिसते. टायट्रेशनसाठी पन्नास मिलिलिटरच्या ब्यूरेटऐवजी बारीक खुणा असलेली दोन मिलिलिटरची पिपेट किंवा सुईविना पिचकारी चालते. वर सांगितलेले नऊ लिटर मग एक लिटरच्या आत येतात.

आपण शेतात ठिबक बसवतो तेव्हा पीक वाळत नाही. पाणी मुळाशी पडते आणि वाया जात नाही, इतकेच. थेंबाच्या प्रयोगाचेही तसेच आहे.

विषाऐवजी जीवनसत्त्व

दुसरा उपाय म्हणजे घातक रसायनाच्या जागी निरुपद्रवी रसायन घेणे. ह्याचे एक सुंदर उदाहरण आहे.

बेंझोइन नावाचा पदार्थ तयार करण्याचा प्रयोग एम. एस्सी.च्या विद्यार्थ्यांना असतो. त्यासाठी पूर्वी सोडियम सायनाइड वापरीत. सायनाइड म्हणजे काय, हे सांगायला नको. आता तोच प्रयोग थायमिनने, म्हणजे 'ब-१' जीवनसत्त्वाने करता येतो. हे जीवनसत्त्व तांदळाच्या कोंड्यात असते. सडून पांढराशुभ्र केलेल्या तांदळात ते उरत नाही, म्हणून केवळ तशा भातावर राहणाऱ्यांना बेरीबेरी हा रोग होतो. जे जीवनसत्त्व हातसडीच्या तांदळातून आपले रक्षण करते, तेच प्रयोगशाळेत सायनाइडची जागा घेते! केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या हरित रसायनशास्त्र समितीने कॉलेजांसाठी जी प्रयोगांची पुस्तिका काढली, तीत हा प्रयोग दिलेला आहे. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रही कॉलेजांसाठी असे सौम्य आणि अल्प प्रमाणाचे प्रयोग तयार करीत आले आहे. म्हणजे वाट नव्याने शोधायची नाही. वाट आहे, चालायचे आहे.

क्षारांच्या परीक्षणात हायड्रोजन सल्फाइड वायू लागतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. गोबरगॅसच्या खड्ड्यात आणि जुन्या मैल्याच्या टाकीत माणसे गुदमरतात, त्याला हाच वायू पुष्कळदा कारणीभूत असतो. त्याचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते, म्हणून तो अधिक फसवा. काही ठिकाणी त्याऐवजी थायोअ‍ॅसिटमाइडचे थेंब वापरतात, परंतु तेही निर्धोक नाही. त्यापेक्षा ओळखायला द्यायच्या क्षारांतून आर्सेनिक, कॅडमियम, पारा व शिसे वगळावे आणि लोह, तांबे, जस्त, कॅल्शियम, मॅग्नेशियम असे द्यावेत, हे चांगले. ही तर पिकाची अन्नद्रव्ये. शेतकऱ्याच्या मुलांना ती ओळखता आली तर उपयोगच आहे.

काचेची भांडी धुण्यासाठी डायक्रोमेट व आम्लाचे मिश्रण वापरण्याची जुनी सवय आहे. साबणाच्या गरम पाण्यात भांडी भिजत घातली, तर बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही. पाऱ्याच्या थर्मामीटरऐवजी रंगीत स्पिरिटचा थर्मामीटर घ्यावा. आम्ल-अल्कलीच्या साध्या प्रयोगांना हळद किंवा जास्वंदीचा अर्क चालतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू त्यातूनच करतात, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते.

उरलेल्याचा बंदोबस्त

कमी केले, बदलले, तरी थोडे उरणारच. त्यासाठी तिसरा उपाय. मोरीशेजारी निरनिराळे कॅन ठेवावेत: आम्ल, अल्कली, जड धातूंची द्रावणे, क्लोरिनयुक्त द्रावके, आणि इतर द्रावके. प्रत्येकावर नाव व तारीख लिहावी. भलतेसलते एकत्र करू नये. नायट्रिक आम्लाच्या कॅनमध्ये स्पिरिट किंवा अ‍ॅसिटोन पडले, तर वायू धरून कॅन फुटू शकतो.

मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळे टाकले, की तांबे खिळ्यांवर बसते. बोर्डो मिश्रणात आपला विळा जे सांगतो, तेच येथे तांबे परत मिळवायला उपयोगी पडते. पाण्यातील क्लोराइड मोजताना सिल्व्हर नायट्रेट लागते. त्याचा पांढरा साका साठवून ठेवला, तर पुढे त्यातून चांदी काढता येते. नारिंगी डायक्रोमेटमध्ये आम्ल आणि हिराकस घातले, की ते हिरवे होते. मग चुना घातला, की क्रोमियम गाळ होऊन खाली बसते. उसाला केवडा पडल्यावर आपण फवारतो तोच हा हिराकस. मात्र हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली, चष्मा व हातमोजे घालूनच करावे. आणि तो गाळ उकिरड्यावर टाकायचा नाही.

तो टाकायचा कोठे? घातक टाकाऊंविषयी देशात प्रथम १९८९ साली नियम झाले. सध्याचे नियम २०१६ सालचे आहेत. ज्याने टाकाऊ निर्माण केले त्याचीच ते नीट संपवण्याची जबाबदारी, हे त्यांचे सूत्र. असा माल सर्वसाधारणपणे ९० दिवसांहून अधिक साठवून ठेवता येत नाही. तो मान्यताप्राप्त केंद्राकडेच द्यावा लागतो. महाराष्ट्रात तळोजा व रांजणगाव येथे अशी केंद्रे आहेत. तेथे पाठवायला वजनाप्रमाणे पैसे पडतात. लहान कॉलेजला हा खर्च जड जातो आणि म्हणूनच मोरीचा मोह होतो. जवळच्या चार-पाच कॉलेजांनी मिळून एकच फेरी ठरवली, तर भार वाटला जाईल. आपण दुधाची गाडी एकत्र लावतोच की! आणि नऊ लिटरचे एक लिटर केले असेल, तर पाठवायचे ओझेच कमी.

प्राध्यापकांचेही ऐकून घ्यावे

ह्या बाबतीत सारा दोष शिक्षकांवर टाकणे न्यायाचे होणार नाही. त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते, परीक्षक बाहेरून येतो, आणि जर्नलमध्ये ठराविक प्रयोग हवेच असतात. दोन मिलिलिटरमध्ये एका थेंबाची चूक झाली, तर उत्तर अडीच टक्क्यांनी चुकते. पंचवीस मिलिलिटरमध्ये तीच चूक एक-पंचमांश टक्काच असते. पुढे कारखान्यात नोकरीला गेलेल्या मुलाला मोठी ब्यूरेट हाताळता आली पाहिजे, हेही बरोबर.

मग मधला मार्ग काढावा. हात बसण्यासाठी दोन-तीन टायट्रेशने मोठ्या ब्यूरेटवर व्हावीत, आणि तीही निरुपद्रवी द्रावणांची. बाकीची लहान प्रमाणावर करावीत. थेंब मोजून काम करणाऱ्या मुलांना काळजीपूर्वक मोजायची सवय लागते, हाही फायदाच. प्रयोगाच्या शेवटी 'उरलेल्याचे काय केले?' ह्या प्रश्नाला दोन गुण ठेवले, तर मुले आपोआप लक्ष देतील. गुणांसाठी आपली मुले काय करीत नाहीत?

आपण काय करावे?

१. मुलगा-मुलगी सुट्टीला आली की गुणांबरोबर हेही विचारा: प्रयोगाला चष्मा असतो का? उरलेले कोठे टाकता? ओढणीला किंवा शर्टाला आम्लाची भोके दिसली, तर रागावू नका, पण विचारा. अंगावर आम्ल उडाले तर ताबडतोब भरपूर वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावे. डोळ्यात गेले असेल, तर धुऊन लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

२. प्रयोगशाळेतील कोणतेही रसायन, पारा तर नव्हेच, मुलांनी 'गंमत' म्हणून घरी आणू नये.

३. आम्लाचा किंवा औषधाचा रिकामा कॅन घरात पाण्याला, तेलाला, दुधाला कधीही वापरू नका. भंगारातून तर मुळीच घेऊ नका.

४. पालक सभेला गेलात, तर नम्रपणे विचारा: प्रयोगशाळेच्या मोरीचे पाणी कोठे जाते? जुन्या बाटल्यांची यादी आहे का? आपल्यापैकी जे शाळा-कॉलेजांच्या समितीवर आहेत, त्यांनी ही यादी वर्षातून एकदा समोर मागवावी.

५. माती तपासणीला नमुना द्याल तेव्हा तो नीट काढून द्या. शेतात आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून, सावलीत वाळवून, त्यातली अर्धा किलो द्यावी. चुकीचा नमुना म्हणजे वाया गेलेले आम्ल आणि फुकटचे क्रोमियम.

६. आणि शेवटी आपल्याच घरापासून सुरुवात करा. फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर किंवा ओढ्यात धुऊ नका. रानाला लागेल तेवढेच मिश्रण करा, म्हणजे उरणार नाही. बोर्डो मिश्रण तर त्याच दिवशी वापरायचे असते. धुवण नांगरलेल्या रानात, पाण्यापासून दूर टाका.

हा सहावा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवला आहे. मुलीला 'मोरीत का ओततेस?' असे विचारणाऱ्या बापाला ती उलट विचारू शकेल, की 'आप्पा, तुम्ही पंप कोठे धुता?' दोघांचाही प्रश्न एकच आहे आणि उत्तरही एकच: लागेल तेवढेच घ्यावे, आणि उरले तर त्याची जबाबदारी आपली.

तण फुलावर येण्याआधी काढले, तर एका खुरपणीत काम होते. बी पडल्यावर मात्र पुढे कित्येक वर्षे खुरपत बसावे लागते. विषाचेही तसेच आहे. मोरीत गेलेले परत काढायला कोणतीही चाळण नाही. ते बाटलीत आहे तोवरच ते आपल्या हाती आहे.